सोळा नंबरचा पाय

आश्रुबाला हॉकी कळत नव्हती, पण जनावर कळत होतं. लिंबागणेशच्या शिवारात पन्नास वर्षं मेंढरं राखलेला माणूस. कळप समोर आला की आधी मोजणार, मग पाय बघणार. हॉकीचं वेड होतं त्याच्या बायकोला, सत्यभामेला. दोन वर्षांखाली सुनेच्या मोबाईलवर तिनं बायांच्या हॉकीची लीग बघितली आणि सोळा नंबरच्या पोरीवर तिचा जीव जडला. मागं थांबून गोल राखणारी ती पोर ल्हानपणी शेरडं वळायची, असं मॅच सांगणारा बोलून गेला होता. सत्यभामेला तेवढं पुरं झालं.

मग त्या पोरीचा डावा गुडघा मोडला आणि ती वर्षभर घरी बसली. इकडं सत्यभामेच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. गेल्या साली मेंढरं गेवराईकडं नेली, तेव्हा संध्याकाळी वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी ती उभी होती. एक गाभण मेंढी तिच्या मांडीला घासून बाहेर गेली. तिला दिसली नाही. मेंढी हायवेवर ट्रकखाली आली. तिला कुणी बोललं नाही. पण यंदा डोळ्याचं ऑपरेशन झालं तसं आश्रुबानं पोराला, जीवनला, हळूच सांगून टाकलं, "तुज्या मायला घरीच ठिवू. बास झालं तिचं."

सत्यभामेला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण घोड्यावर लादायला घोंगड्या काढल्या, त्यात तिची नव्हती. ती खुंटीलाच होती.

निघायला दोन दिवस उरले होते आणि सोळा नंबर पुन्हा मैदानात उतरणार होती. डॉक्टरनं मोबाईल बघायचा नाही म्हणून बजावलेलं. दुपारी ओसरीवर काळा चष्मा लावून सत्यभामा बाजेवर बसली.

"अवं, तुमी बघा आन मला सांगा. कोण कसं खेळतंय ते समदं."

आश्रुबानं मोबाईल गुडघ्याला टेकवला, तळहातावर तंबाखू घेतली.

"किती हायेत?"

"चोवीस."

"बावीस अस्त्यात. दोन पंच बी मोजले तुमी."

"मंग ते कावून पळायलेत त्यांच्यासंगं?"

"पळू द्या. माजी पोर?"

"हाय. मागं उभी हाय."

"लंगडायली का?"

"न्हाई."

लंगडत नव्हती, हे खरं. पण अंग चोरून खेळत होती. डाव्या पायावर भार पडायची पाळी आली की आधीच थांबत होती. आश्रुबाला ते पहिल्या पाच मिनिटांत दिसलं. दुसऱ्या सत्रात बॉल सरळ तिच्याकडं आला, काठीखालून निसटला आणि मागं गोल झाला. आश्रुबानं पटकन आवाज बंद केला.

"आवाज कावून गेला?"

"बॅटरी उतरली."

"बॅटरी उतरल्यावर निसता आवाज जातो व्हय? आन तंबाकू मळायची थांबली तुमची. काय झालं?"

"काई न्हाई. लई भारी खेळायली तुजी पोर."

सत्यभामेनं मान त्याच्याकडं वळवली. "बाजारात मेंढीचा पाय अधू आसंल तर गिऱ्हाइकाला सांगता तुमी. बायकूला खोटं सांगता?"

आश्रुबाला ते लागलं. त्यानं आवाज पुन्हा मोठा केला. "गोल झाला. तिच्या काठीखालून गेला."

"दिसला न्हाई का तिला?"

"दिसला. पर पाय फुडं टाकला न्हाई तिनं. भ्याली."

त्यानंतर आश्रुबानं बॉलकडं बघायचं सोडलं. कळपाबरोबर जाताना तो नुसता अधू जनावराकडं बघायचा, तसा सोळा नंबरच्या पायांकडं बघत बसला. मॅच संपली. सोळा नंबरची टीम दोन-एकनं हरली.

"सांगा आता."

"ती नऊ नंबर, फुडची, शेरडावाणी हाय. उड्या झ्याक, पर हर कुपाटीच्या पाल्याला तोंड लावती. सात नंबर गुणाची. न बोलता समद्यांला वळती. जाळीपुडं ती जाडजूड बांधल्याली पोर हाय ना, तिची काई चूक न्हाई."

"माजी?"

"अर्धी मॅच वाईट खेळली. त्यो गोल तिचाच."

सत्यभामेनं चष्म्याची काडी उगाच नीट केली.

"पर शेवटाला एक जण मुसंडी मारून आली. तवा तुजी पोर डाव्या पायावरच गर्रकन वळली. बॉल काढून घेतला आन लांब मारला. मेंढी पाय इसरून वळली की ती बरी झाली म्हणायची. तिचा पाय बरा हाय. भ्या रायलंय थोडं."

"मंग तिला घरी बसवत्याल का आता?"

"मला काय इचारती? मी तिचा मास्तर हाय व्हय?"

"तुमालाच इचारायले."

तंबाखू मळणारा अंगठा पुन्हा थांबला. आश्रुबानं भिंतीकडं बघितलं, खुंटीकडं बघितलं.

"डॉक्टर म्हनला, म्हैनाभर धूळ न्हाई."

"म्हैनाभर बसंल की ती. मंग?"

तो उठला. खुंटीवरची घोंगडी काढली. तिच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून पार बांधाकडं जाऊन झटकली, घडी घातली आणि घोड्यावर लादायच्या ओझ्यात खाली, दाबून ठेवली.

"म्हैन्यानं गेवराईच्या स्टँडावर येतो घ्यायला," तो पाठमोराच म्हणाला. "पर वाघरीच्या तोंडाशी मी बी उभा ऱ्हानार."

"ऱ्हावा की. फकस्त मोजू नका."