डबल बेल

काका-काकूंनी अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातलं चार खोल्यांचं घर विकून मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी शॉमबर्गच्या माझ्या घरून फोन करून त्यांना तास-दीड तास समजावलं होतं. 'सेफ' आणि 'प्रॅक्टिकल' हे दोन शब्द त्या फोनवर मी किती वेळा वापरले, ते आठवलं की आजही कानकोंडं व्हायला होतं. काका मेकॅनिकल इंजिनिअर, तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हिवाळ्यात ये तिकडे. स्वेटर आणू नकोस."

हे दोन हजार दोन सालचं. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांना मूलबाळ नाही. मी अठ्ठ्याण्णव साली व्हिसावर अमेरिकेत आलो तेव्हा पहिले तीन महिने त्यांच्याकडेच राहिलो. बर्फात गाडी कशी चालवायची ते काकांनी शिकवलं आणि इथल्या कणकेच्या पोळ्या चिवट होऊ नयेत म्हणून काय करायचं ते काकूनं. त्यामुळे मी स्वतःला त्यांचा मुलगाच समजत आलो. मुलगा समजायचं, हक्क गाजवायचा आणि भेटायला जायचं नाही, असं माझं तीन वर्षं चाललं होतं. ते दर नोव्हेंबरात अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या एका मोटारहोम पार्कमध्ये जाऊन मार्चपर्यंत राहायचे. मी दर वर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणायचो.

दोन हजार पाचच्या डिसेंबरात बायको मुलांना घेऊन पुण्याला माहेरी गेली आणि मी एकटा उरलो. तेव्हा गेलो. खरं सांगायचं तर मनात एक बेत होता. सत्तरीला टेकलेल्या या दोघांना गोड बोलून शॉमबर्गला आणायचं. घराजवळ एक फ्लॅटही मी बघून ठेवला होता.

पार्क पाहून माझी पहिली पंचाईत झाली. दया दाखवायला जागाच नव्हती. दोनशे-अडीचशे मोटारहोम ओळीनं उभी, प्रत्येकापुढे चटई, खुर्च्या, एखादं लिंबाचं किंवा ग्रेपफ्रूटचं झाड. मागे उंच निवडुंग हात वर करून उभे. सगळे म्हातारे हाफ पँटीत. काका सकाळी टेबल टेनिस खेळायचे, दुपारी लाकूडकामाच्या शेडमध्ये रमायचे. काकू पोहण्याच्या तलावात बायकांबरोबर पाण्यातला व्यायाम करायची, अंगभर पोहण्याचा पोशाख आणि कपाळाला टिकली. मोटारहोमच्या डॅशबोर्डवर तुळशीची कुंडी होती, सीटबेल्टच्या पट्ट्यानं नीट बांधलेली. पहिल्या वर्षी कुकरची शिट्टी झाली तेव्हा शेजारचा आयोवाचा म्हातारा शेतकरी आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आला होता. आता त्याला शिट्ट्या मोजून वरण की बटाटे ते कळतं, असं काकूचं म्हणणं.

पण पार्कात काकूची कीर्ती होती ती घंटेमुळे.

काकूचे वडील कोकणात लाल गाडीवर कंडक्टर होते. लहानपणी घाटातल्या वळणांवर ते गाडीमागे उभे राहून ड्रायव्हरला गाडी कशी मागे घ्यायला लावत, ते तिनं पाहिलेलं. चौतीस फुटी मोटारहोम जागेवर लावताना काकांना मागचं काही दिसत नसे. मागे कॅमेरा होता, पण दुपारच्या उन्हात पडद्यावर पांढऱ्या उजेडाशिवाय काही नसायचं. ओरडलेलं इंजिनाच्या आवाजात ऐकू जायचं नाही. मग काकूनं देवघरातली पितळी घंटा काढली. सिंगल बेल, थांबा. डबल बेल, येऊ द्या. काका सुरुवातीला कुरकुरले की देवाची घंटा डिझेलच्या धुरात कशाला. काकू म्हणाली, "गाडी मागे येतेय हे देवालाही कळायला नको का?" वर्षभरात अर्धा पार्क याच पद्धतीनं गाड्या लावू लागला. कुणी गाईच्या गळ्यातली घंटा आणली, कुणी शाळेतली. कंडक्टर आजोबांची विद्या अ‍ॅरिझोनात अशी चालू आहे हे बघून मी पोट धरधरून हसलो आणि फ्लॅटचा विषय दोन दिवस पुढे ढकलला.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका गाडीत डिझेल भरून परत आले. काकू तलावावर होती. मी घंटा घेऊन मागे उभा राहिलो. डबल बेल दिली, गाडी येऊ लागली. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. काहीतरी बंद पडलं होतं, नेहमीप्रमाणे. मी फोन खांदा आणि कान यांच्यात धरला आणि एका हातानं घंटा सांभाळू लागलो. पाण्याच्या नळाचा खांब चार फुटांवर आला तेव्हा मी वेळेवर सिंगल बेल दिली. आणि त्याच क्षणी खांद्यावरून फोन निसटला. तो पकडायला मी घंटेचाच हात पुढे केला. घंटा पुन्हा वाजली.

काकांना अर्थातच डबल ऐकू आली. ते आले. खांब मोडला आणि पाण्याचा फवारा छपराच्या वर गेला.

वाळवंटात पाणी उडायला लागलं की माणसं कशी जमतात ते तिथे पाहावं. पाच मिनिटांत तीस-चाळीस म्हातारे खुर्च्या घेऊन हजर. आयोवाच्या आजोबांनी अंगावरचा शर्ट काढून आंघोळ सुरू केली. त्यांची बायको टाळ्या पिटत होती. काकू तलावावरून ओल्या केसांनी आली आणि म्हणाली की उगीच पोहायला गेले, इथेच सगळी सोय होती. पार्कच्या माणसानं मुख्य नळ बंद केला, तेव्हा लोकांनी 'अरेरे' म्हटलं. कुणाला काही लागलं नव्हतं.

या सगळ्या गोंधळात काका इंजिन बंद करून मागे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. मला हळूच म्हणाले, "डबलच होती ना रे?"

मी म्हणालो, "नाही काका. सिंगलच दिली मी."

खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. ऑफिसात चूक कुणाची असं विचारलं की पहिलं वाक्य आपोआप तोंडातून निघतं, तसं ते निघालं. पण ते परत घ्यायला मला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांची जबाबदारी मला कुठल्याही सवयीवर ढकलता येणार नाही.

काका आत गेले. माझे वडील शेवटची तीन वर्षं विसरण्याच्या आजारात होते. त्या आजाराची सुरुवात कशी झाली ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना दाराची बेल ऐकू यायची. उठून दार उघडायचे, बाहेर कुणी नसायचं. मी तेव्हा इथे होतो. दर आठवड्याला फोन करायचो आणि वडील विचारायचे, "बेल तूच वाजवलीस का रे मघाशी?" काका मात्र दोनदा जाऊन महिना महिना त्यांच्याजवळ बसून आले होते.

न वाजलेली बेल आपल्याला ऐकू आली, असं आता काकांना वाटत होतं. वाटायला लावणारा मी होतो.

खांब मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीची किल्ली काकूच्या डब्यात ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी काचेला 'विकणे आहे' असा कागद लागला. दुपारी ते मला म्हणाले, "तुझ्या तिकडे एखादी जागा बघ बुवा आमच्यासाठी." ज्या वाक्यासाठी मी आलो होतो ते असं न मागता हातात पडलं. मी काय केलं? मी म्हणालो, "एक फ्लॅट पाहिलाय मी, काका." त्या संध्याकाळी पुण्याला फोन करून बायकोला बातमीही दिली. तिला फार आनंद झाला. मुलांना आजी-आजोबा मिळणार म्हणाली. मी काय घडलं ते तिलाही सांगितलं नाही. मनाला समजावलं की एवीतेवी त्यांना कधीतरी थांबायचंच होतं.

काकूला हे पटत नव्हतं. तिचा तर्क असा की यांचे कान गेलेत, डोकं जागेवर आहे. पार्कच्या क्लब हाउसमध्ये आठवड्यातून एकदा कान तपासणारी बाई मशीन घेऊन यायची. चौथ्या दिवशी काकू काकांना ओढत तिकडे घेऊन गेली. परत आले तेव्हा ती खुशीत होती. कान पन्नाशीच्या माणसासारखे आहेत, बाईनं सांगितलं म्हणे. तिनं कढई चढवली आणि चार वाजता गाडी बघायला येणाऱ्या नेब्रास्काच्या जोडप्यासाठी शंकरपाळे तळायला घेतले.

काका बाहेर खुर्चीवर बसले. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "कान शाबूत आहेत. म्हणजे दादाचंच आलं माझ्या वाट्याला."

एवढंच बोलले, अगदी साध्या आवाजात. हवामान सांगावं तसं.

मी म्हणालो, "काका, डबल बेलच होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पहिली मी दिली. दुसरी फोन पकडताना वाजली. तुम्हाला बरोबर ऐकू आलं होतं."

"परत सांग."

मी परत सांगितलं. या वेळी फोन कुठल्या खांद्यावर होता तेही सांगितलं. माझे कान तापले होते. ते उठून माझ्या मुस्काटात मारतील असं वाटलं, आणि मारलं असतं तर बरंच झालं असतं. ते उठले खरे, पण दाराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, बाहेर ये. डबल होती."

काकू झारा घेऊन दारात आली. सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, "चार दिवस मिठाची गुळणी धरून बसलास होय रे? हे रात्र रात्र जागे असायचे. दादांची औषधं कुठली होती ते मला विचारायचे."

ती पुढे काही बोलणार तेवढ्यात आत शंकरपाळे करपल्याचा वास आला आणि ती धावली. आतून तिचा आवाज येत राहिला. पहिल्या घाण्याचे करपलेले शंकरपाळे सगळे मी खायचे, अशी शिक्षा ठरली. मी ते खाल्ले.

काका तोवर आयोवाच्या आजोबांकडे पोचलेही होते. दोन्ही हातांनी घंटा, खांदा, फोन असं सगळं करून दाखवत होते. आजोबा मांडीवर थाप मारून हसत होते. तिथून पुढच्या मोटारहोमकडे, तिथून त्याच्या पुढच्या. सत्तर वर्षांचा माणूस पुतण्याची लबाडी दारोदार सांगत फिरतोय आणि त्याचा चेहरा पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखा फुललाय, असं ते दृश्य होतं. अर्ध्या तासात ओळीतले सगळे माझ्याकडे बघून हात हलवत होते. इतकी लाज आणि इतकं हलकं मला एकाच वेळी कधी वाटलेलं नाही.

नेब्रास्काचं जोडपं आलं तेव्हा काचेवरचा कागद निघाला होता. काकांनी त्यांची माफी मागितली, गाडी तरीही सगळी उघडून दाखवली आणि शंकरपाळे खायला बसवलं. त्यांनी जाताना कृती लिहून नेली.

ते गेल्यावर काकांनी मला विचारलं, "पण का रे? त्या क्षणी निघून गेलं, ते मी समजू शकतो. नंतर का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शॉमबर्गला यावं असं वाटत होतं."

"मग तसं म्हणायचं."

"म्हणालो होतो की. किती वेळा."

"नाही म्हणालास," काकू मध्येच म्हणाली. "तू आम्हाला इन्शुरन्स सांगितलास, हॉस्पिटल किती मैलांवर ते सांगितलंस. 'या' असं कधी नाही म्हणालास."

मी आठवून पाहिलं. तिचं खरं होतं. वडिलांनाही मी फोनवर औषधं विचारायचो, डॉक्टर काय म्हणाले ते विचारायचो.

मी म्हणालो, "काकू, या ना तुम्ही दोघं. मला करमत नाही."

काका म्हणाले, "कायमचं नाही येणार."

"बरं."

"जूनमध्ये येऊ. तीन आठवडे. गाडी घेऊन."

ते आले. दोन हजार सहाच्या जूनमध्ये ते चौतीस फुटी धूड आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा बायको दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती आणि ओवाळायचं कुणाला, माणसांना की गाडीला, असं विचारत होती. ड्राइव्हवेत ते मावलं, पण गॅरेजचं दार तीन आठवडे उघडता आलं नाही. गाडी हलवा म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरी बाईंचं सूचनापत्र आलं. काकूनं त्या बाईंना बोलावून बटाटेवडे खाऊ घातले आणि पत्र परत गेलं. मुलं पहिल्या दिवसापासून घरात यायलाच तयार नव्हती. धाकटी मला इंग्रजीत म्हणाली की आपलं घर बोअरिंग आहे, त्याला चाकंही नाहीत.

त्या मुक्कामातल्या एका सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉपची बॅग. मोटारहोमच्या दारातून आल्याच्या चहाचा वास आला. मी डोकावलो. दोन्ही मुलं गोधडीत, काका त्यांना डॅशबोर्डवरचं एकेक बटण समजावून सांगताहेत, काकू कपात चहा ओततेय. तिनं वर न बघता म्हटलं, "आत यायचं तर बूट बाहेर काढ."

मी बूट काढले. ऑफिसला फोन लावून उशीर होईल असं सांगितलं. पलीकडून कारण विचारलं. तोंडात 'ट्रॅफिक' आलंच होतं. मी म्हणालो, काका-काकूंबरोबर चहा पितोय.