मोहाखालचा अडथळा

वन्यजीव व्यवस्थापनात एम.एस्सी. करते म्हटलं की आमच्या सानगडीच्या बाजारात बाया विचारायच्या, "म्हणजे वाघाले काय शिकवून राहिली वं तू?" मी हसून सोडून द्यायची. आता वाटतं, वाघाला कोण काय शिकवणार? सगळी शिकवणी माणसांसाठीच असते.

प्रबंधासाठी मी अस्वल निवडलं. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुलं गळू लागली की अस्वलं ती खायला येतात. म्हणून कॉलेजातल्या आमच्या विभागाचा, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा ट्रॅप कॅमेरा मी गावामागच्या जंगलात, सगळ्यात जास्त फुलं गाळणाऱ्या मोहाला बांधला. तो मोह आमच्याच घरच्या वाट्याचा. कुणी कुठल्या झाडाखाली वेचायचं हे आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. हे ठाऊक असून मी शहाणीने कॅमेरा तिथेच बांधला!

झालं. फोटोत अस्वल नाहीच, आईच आई. पालापाचोळा झाडणारी आई, वाकून फुलं वेचणारी आई. एकात तर ती थेट कॅमेऱ्यात बघून पदर सारखा करतेय. मी फोनवर चिडले, तर मलाच म्हणते, "तुह्या अस्वलाच्या आधी नाही गेली, त मले फुलं कोन ठेवते?"

मार्गदर्शक सर मात्र जाम खूश. "उत्तम डेटा! मानवी अडथळा!" आईच्या प्रत्येक फोटोखाली त्यांनी तसंच लिहायला लावलं. शेवटी 'मोहवेचणीवर पूर्ण बंदी' अशी शिफारस हवी, अहवाल वनखात्याकडे जाणार आहे, म्हणाले. वा रे वा! जिप्सीत बसून वाघामागे धूळ उडवणारे ते पर्यटक, आणि टोपली घेऊन पायी जाणारी माझी आई अडथळा. मी शिफारशीचं पान कोरंच ठेवलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. चहासोबत विभागाने मोहाचे लाडू ठेवले होते, कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेले, चकचकीत डब्यातले. परीक्षकांनी दुसरा लाडू उचलला. "अहाहा, अस्सल रानमेवा! बरं, मोहवेचणी बंद व्हायला हवी की नको?"

"करा ना सर बंद," मी म्हटलं. "फक्त हातातला लाडू आधी ठेवा. तोही कुण्या अडथळ्यानेच वेचलाय."

मार्गदर्शक सर माझ्याकडे खाऊ की गिळू असे बघत राहिले. परीक्षकांनी लाडू संपवला, बोटं पुसली आणि मला पास केलं. बंदीची शिफारस सरांनी स्वतःच लिहून टाकली. खाली नाव माझं.