परीक्षक काय म्हणाले

बाबा कोर्टात स्टेनो होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं आणि त्यात स्वतःचा एक शब्द घातला नाही, याचा त्यांना अभिमान होता. आई गेल्यानंतर ते सिडकोत आमच्याकडे राहायला आले. मी शाळेत भूगोल शिकवते. लग्नाआधी सात वर्षं गाणं शिकले होते, त्यामुळे गाण्यातलं मला कळतं असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, आणि मीही.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेकडे बाबांचं लक्ष गेलं ते एका मुलीमुळं. कन्नड तालुक्यातली, बाबांच्या गावापासून दोन-तीन गावं पलीकडची. वय एकोणीस. तिचे वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत, आणि ती शाळेत असल्यापासून त्याच बँडबरोबर गात आली होती. ट्रम्पेट, ढोल आणि गाडीवरचे भोंगे या सगळ्यांच्या वर आवाज पोचवायचा तर गळा चोरून चालत नाही. ती पूर्ण तोंड उघडून, छातीतून गायची. पहिल्याच भागात तिनं सूर लावला आणि बाबा खुर्चीत पुढं सरकले.

मला तो आवाज आवडला नव्हता. तेव्हा हे मी कुणाला सांगितलं नाही. मी ज्या बाईंकडे शिकले त्या म्हणायच्या, आवाज मोकळा हवा पण आटोक्यात. ही मुलगी वरच्या सुरावर गेली की मी नकळत रिमोटवरचं आवाज कमी करायचं बटण दाबायचे.

परीक्षक तिघं होते. एक पार्श्वगायिका, एक संगीतकार आणि एक वयस्कर शास्त्रीय गायक. मुलीचं गाणं झाल्यावर पार्श्वगायिका हसून म्हणाल्या, किती छान गावाकडचा आवाज आहे.

"आवाजाला गाव असतं व्हय?" बाबांनी मला विचारलं.

मी म्हटलं, कौतुकच केलंय त्यांनी. त्यानंतर पुण्याचा एक मुलगा आला. माईक ओठाला लावून, अर्धा श्वास आणि अर्धा सूर अशा आवाजात गायला. संगीतकार त्याला म्हणाले, किती विचार करून गायलास. बाबा उठले, आपल्या खोलीत गेले आणि शॉर्टहँडची जुनी वही आणि पेन्सिल घेऊन आले. निवृत्त झाल्यापासून ती वही मी त्यांच्या हातात पाहिली नव्हती.

पुढं प्रत्येक भागाला हेच. गाणी चालू असताना बाबा पेन्सिलीला टोक काढत, चष्मा पुसत. परीक्षक बोलायला लागले की त्यांचा हात चालू. नुसतं तिच्याबद्दलचंच नाही, सगळ्या स्पर्धकांबद्दलचं ते लिहून घेत. तुलना करायला सगळं लागतं, म्हणाले. रविवारी दुपारी ते वही समोर धरून मला सांगत आणि मी लॅपटॉपवर टाईप करत असे, कारण ती लिपी घरात त्यांच्याशिवाय कुणालाच वाचता येत नव्हती.

टाईप करता करता मलाही दिसायला लागलं. पुण्याच्या मुलाला तयारी, समज, विचार असे शब्द. नागपूरच्या एका मुलीला ठहराव. आमच्या कन्नडच्या मुलीला निरागस, रांगडा, मातीतला, ठसकेबाज. तिनं काही केलंय असं कुणी म्हणत नव्हतं. तिच्याकडे ते आपोआप आलंय, पावसाचं पाणी विहिरीत यावं तसं, असं सगळ्यांचं बोलणं. आणि शेवटी दरवेळी: अजून शिकायला हवं. नऊ-दहा वर्षं बँडमध्ये गाऊन ती काय करत होती, हे कुणी विचारलं नाही.

मग मी टीव्हीकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. तिला दरवेळी नऊवारीच का नेसवतात? तिच्या गाण्याच्या वेळी प्रकाश पिवळा आणि बाकीच्यांना निळा का? शाळेत माझ्या एका सहकारी बाईंनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. कुठल्याशा गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात तो पुण्याचा मुलगा आणि संगीतकार परीक्षक शेजारी शेजारी बसलेले. फोटो किती जुना, कुणी काढला, काहीच माहीत नव्हतं. तरी मी तो मागून घेतला आणि घरी येऊन बाबांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, यानं सिद्ध काय होत नाय, पण जवळ ठेव.

एकदा संशय घ्यायला लागलं की तो सोयीच्या जागी थांबत नाही. एका रविवारी टाईप करताना माझ्या मनात आलं, ही लिपी फक्त बाबांना येते. ते वहीतून वाचतात म्हणजे वहीत तेच आहे, हे कशावरून? विचार आला त्याची लाज वाटली, पण गेला नाही. पुढच्या रविवारी बाबा सकाळी दाढीला गेले असताना मी अकराचं पुनःप्रसारण लावलं आणि साध्या मराठीत, जमेल तसं, परीक्षकांचं बोलणं लिहून काढलं. दुपारी बाबांनी सांगितलेलं त्याच्याशी ताडून पाहिलं. शब्दान् शब्द बरोबर होता. जिथं मी चुकले होते तिथंही ते बरोबर होते.

फक्त एक वाक्य नव्हतं. त्या भागात मुलीचं गाणं संपल्यावर वयस्कर गायक म्हणाले होते, "बाळ, तू गात होतीस आणि मी मार्क द्यायचं विसरलो." पुढं त्यांनी एका तानेतली चूक सांगितली होती. चूक वहीत होती. आधीचं वाक्य नव्हतं.

मी बाबांना विचारलं. त्यांनी वही मिटली.

"ते घेतलं नाय मी."

"का?"

"आपल्या कामाचं नव्हतं."

एवढंच. तीस-बत्तीस वर्षांत ज्या माणसानं कुणाचं खोकणंसुद्धा सोडलं नसेल, तो हे म्हणत होता. मला ते वाक्य पाठ होतं, हाताखाली लॅपटॉप होता. मला ते घालता आलं असतं. मी घातलं नाही. ते घातलं तर आमचा कागद ढिला पडेल, असं मलाही वाटलं. आणि दुसरं, जे त्याहून वाईट: ते गायक म्हणाले तसं त्या गाण्यात काय होतं हे मला आठवत नव्हतं. मी प्रकाश पिवळा आहे का ते बघत होते.

शेवटचे सहा उरले तेव्हा ती बाहेर पडली. पार्श्वगायिकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझा प्रवास इथं संपत नाही, असं त्या म्हणाल्या. बाबांनी तेही घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळे कागद छापून आणायला सांगितले. वर्तमानपत्राला द्यावेत असं त्यांच्या मनात होतं, पण मग स्वतःच म्हणाले, आधी मुलीला दाखवले पाहिजेत, प्रकरण तिचं आहे. गावाकडच्या ओळखीतून त्यांनी पत्ता काढला आणि एका सुटीच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं कन्नडला गेलो.

घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. अंगणातल्या दोरीवर बँडचे लाल कोट वाळत घातलेले. वडील बुटके, अतिशय नम्र. बाबांना त्यांनी साहेब म्हणून खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसले. टीव्हीवर दिसली त्यापेक्षा मुलगी लहान वाटली. साधा पंजाबी ड्रेस होता. बाबांनी कसं कसं लिहून घेतलं, काय आढळलं, ते नीट सांगितलं. वडील म्हणाले की आमची कुणाबद्दल तक्रार नाही, एवढ्या लांब पोरगी गेली हेच लई झालं. मुलीनं कागद घेतले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. चहा आला, प्यायला, कपबशा गेल्या. ती वाचत होती. मधे एकदा तिनं मागची दोन पानं उलटून पाहिली.

"काका," ती म्हणाली, "त्या आजोबांनी मला एकदा म्हणलं होतं, मार्क द्यायचं विसरलो म्हणून. ते यात नाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"राहून गेलं असंल," तीच म्हणाली.

"राहिलं नाय," बाबा म्हणाले. "मी सोडलं."

तिनं का म्हणून विचारलं नाही. कागद सारखे करून मांडीवर ठेवले. थोड्या वेळानं म्हणाली की त्या चार महिन्यांत तिथून घरी आणण्यासारखं तिला तेवढंच मिळालं होतं. रोज झोपताना ती ते आठवायची.

बाबांचा चेहरा मला बघवेना. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, मग तुझ्यावर अन्याय झाला असं तुला वाटत नाही का? ती म्हणाली, वाटतं. पण तुम्ही शोधलंत तिथं तो नव्हता. कॅमेऱ्यासमोर काय बोलायचं ते सगळ्यांना कळतं. खरं ठरायचं ते गाणं निवडताना, आणि तिथं परीक्षक नसायचेच. तिला गझल गायची होती. बँडमध्ये बेंजो वाजवणारे एक चाचा होते, त्यांच्याकडून ती लहानपणापासून गझल शिकली होती. तिनं तीनदा मागितली. गाणी ठरवणारी माणसं तिन्हीदा म्हणाली, तुझ्या तोंडी ती शोभायची नाही, लोकांना तुझ्याकडून ठसका पाहिजे.

मला आत कुठंतरी बोचलं, कारण मला विचारलं असतं तर मीही हेच म्हणाले असते. मी तिला म्हटलं, आता म्हणशील का?

ती वडिलांकडे बघून जरा लाजली. मग तिथंच, भिंतीला टेकून, दोन शेर गायली. आवाज इतका खाली की बाहेरच्या गल्लीतून गेलेल्या मोटारसायकलखाली अर्धी ओळ बुडाली. तोंड जेमतेम उघडत होतं. उर्दू उच्चार स्वच्छ. एका शब्दावर ती थांबली आणि तो सोडायच्या आधी किंचित वळवला, इतका किंचित की सात वर्षं शिकूनही मला ते कधी जमलं नसतं. हा आवाज आटोक्यात होता. तो मोठा आवाजही आटोक्यातच असणार. मला ऐकू आलं नव्हतं.

निघताना बाबांनी कागद परत मागितले. ती म्हणाली राहू द्या, पण ते म्हणाले, दुरुस्त करून पाठवतो.

परतीच्या एसटीत वेरूळ आल्यावर बाबा म्हणाले, "आणखी काय काय सोडलंय, मलाच म्हायती नाय."

ते शोधायला त्यांना आठवडा लागला. चॅनेलनं मोबाईलसाठी टाकलेल्या सगळ्या चित्रफिती त्यांनी माझ्याकडून एकेक लावून घेतल्या आणि वहीशी पडताळल्या. तिच्या कौतुकाचं आणखी एक वाक्य सापडलं. पुण्याच्या मुलाला संगीतकारांनी खडसावलेलं एक सापडलं. तो फोटो माझ्याकडे असताना हे ऐकून मला ओशाळल्यासारखं झालं. उलट टीव्हीवर दाखवलेलं आणि वहीत असलेलं तिचं एक कौतुक एका फितीतून कापलेलं होतं. ते का कापलं, कुणी कापलं, हे आजही कळलेलं नाही. बाबांनी सगळं घालायला लावलं आणि नवी प्रत टपालानं पाठवली. वर्तमानपत्राचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी विचारलं, मग पक्षपात होता की नव्हता? ते म्हणाले, संशय आहे, सिद्ध नाही.

त्या हिवाळ्यात तिचा फोन आला. चिकलठाण्याच्या एका नव्या सोसायटीनं सभागृहात तिचा कार्यक्रम ठेवला होता आणि सोसायटीवाले तिला काय हवं ते गाऊ देणार होते. आम्ही गेलो. तिसऱ्या रांगेत बसलो. बेंजोवाले चाचा साथीला होते. तिनं सुरुवातीलाच गझल घेतली, मग दुसरी. लोक ऐकत होते, पण तिसरी सुरू झाल्यावर मागून कुणीतरी त्या टीव्हीवर गाजलेल्या लोकगीताचं नाव घेतलं. मग आणखी दोघांनी. मग टाळ्यांचा ठेका. तिनं हसून हात जोडले, गझल पुरी केली आणि ते गाणं घेतलं, पूर्ण तोंड उघडून. सभागृह उभं राहिलं.

त्या तीन गझला चालू असताना मी घड्याळात दोनदा पाहिलं होतं. आणि लोकगीत सुरू झालं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. शेजारी बाबा बसले होते. त्यांच्याकडे त्या दिवशी वही नव्हती, आणि ते टाळ्या वाजवत नव्हते. तिसऱ्या गझलेचा शेवट त्यांना ऐकू आला नाही म्हणून ते रागावले होते. कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून वाट काढत ते पुढं गेले आणि तिला म्हणाले, "तो शेवटचा शेर परत सांग मला."

तिनं तो त्यांना उभ्या उभ्या म्हणून दाखवला, भोवतीचे लोक सेल्फीसाठी थांबलेले असताना.