बसमधल्या काकांची दोन टोकं

सिहोऱ्याच्या बसमधल्या त्या काकांमुळे मी दहावीच्या विज्ञानाच्या पेपरला बसले, नाहीतर वाटेतच उतरणार होते. माझं गाव वर्धेकडं. आठवीत शाळा सुटली, आता जबलपूरजवळच्या सिहोऱ्यात वसतिगृहात पोळ्या करते अन् दहावी बाहेरून देते. परीक्षा मात्र जबलपुरात.

शेजारचे काका कागदावर काही लिहीत, मग खोडत, अन् खोडलं की गालात हसत. "देवा, उतरून जाऊ का?" असं मी पुटपुटले, ते त्यांनी ऐकलं.

"काहून घाबरून राहिल्या, ताई?"

मी पेपरचं सांगितलं, अन् त्यांचं काम विचारलं.

"काही धातू फार थंड केले की त्यांच्यातून वीज बिनअडथळा वाहते. का वाहते, ते मी कागदावर शोधतो."

"सापडलं?"

"मी अभ्यासाला घेतलेल्या धातूचं अजून नाही. सगळी नोकरी शोधून राहिलो."

"मग कोणी रागवत नाही?"

"बायको!"

मग कागद बाजूला ठेवून म्हणाले, "गणित अडलं की आम्ही ते टोकाला नेऊन पाहतो. समजा, तुम्ही नापास. मग उद्या काय?"

"उद्या पोळ्या."

"अन् पहिल्या आल्या तर?"

"तरी पोळ्याच, काका!"

"चलो, दोन्ही टोकं तपासली. कुठंच आभाळ कोसळत नाही. आता मधलं तेवढं लिहून या."

आम्ही इतके हसलो की कंडक्टरनं वळून पाहिलं.

पेपर मी पूर्ण लिहिला. काकांचं नाव विचारायचं तेवढं राहिलं. निकाल काहीही लागो, मी पुढं शिकणार. अन् कधीतरी काकांना शोधून, त्यांनी लिहिलेली एक तरी ओळ त्यांच्यासमोर बसून समजून घेणार. त्यांचे उपकार मी असेच फेडीन.