कुंडलिकची पहिली सही

कुंडलिक म्हणजे आमच्या वाडीचा पाणी सोडणारा माणूस. ओढ्याकाठच्या विहिरीवरची मोटर चालू-बंद करायची, बावीस वर्षं हेच काम. पारगावला भाच्याच्या लग्नाला गेला, तर अक्षता पडल्या की माघारी. का, तर विहिरीला उपसा किती झाला कुणास ठाऊक!

दोन वर्षांपूर्वी ओढ्याच्या सुशोभीकरणाला निधी आला. काठांना भिंती, तळाला काँक्रीट. सगळी वाडी खूश. ग्रामसभेत हा एकटा उठला. "तळ बुजवू नगा राव! विहिरीचा झरा त्या वाळूतनं येतो. भिंती बांधा, पण तळ मोकळा ठिवा, आन् ते आत्ताच आराखड्यात लिवा. मागनं कोण इचारतंय?"

लोक हसले. मीही हसलो. मी तेव्हा पंचायतीचा मेंबर, सांगायला लाज वाटते. पण गडी हटेना. शेवटी सरपंच म्हणाले, "लिहितो बाबा, बस खाली."

आता आमच्याकडची रीतच उफराटी. ठरावाच्या वहीत आधी सह्या, मजकूर मागाहून. चहा येईस्तोवर कोरं पान फिरतं. वही मीच फिरवली. कुंडलिकनं आनंदाच्या भरात सगळ्यात वर, पहिली सही ठोकली.

मग हिशेब निघाला. तळ सोडला तर काम निम्मं, आणि उरलेला निधी मार्चअखेर परत जाणार. आलेला पैसा कोण परत धाडतो? तळाची ओळ लिहिलीच नाही. मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो.

पुढच्याच उन्हाळ्यात विहीर आटली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. कुंडलिक तरातरा पंचायतीत आला, वही काढायला लावली. 'तळासह काँक्रीटीकरणास सर्वानुमते मंजुरी.' खाली पहिलं नाव त्याचं. त्यानं त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"सही माझीच हाय, भाऊ."

एवढंच बोलला. आईबापावरून शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता टँकर येतो. खेपेच्या पावतीवर सही करायची, हेच कुंडलिकचं काम उरलंय. हंडे घेऊन बाया खोळंबतात, प्रयागबाई करवादते, "आवर की रं, ऊन किती झालंय!" हा मात्र बोट ठेवून एकेक अक्षर वाचतो. मग पावती माझ्यापुढं धरतो.

"तुमी बी बघा, भाऊ. कोरी जागा ऱ्हायली न्हाई ना?"

मी रोज बघतो. रोज नाही म्हणतो. मग तो सही करतो.