कासिल्दाचं हरवलेलं नाक

कादिझ बंदरातल्या ला विन्या या कोळीवाड्यात बेनितोचा बार होता, आणि त्या बारच्या स्वयंपाकघरात राज्य कासिल्दाचं. जिरं, लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवून तळलेली तिची मुशी मासळी खायला लोक खाडीपलीकडून येत. नवरा गेल्यापासून ती त्या कढईपाशीच उभी होती.

फेब्रुवारीत तिला साधी सर्दी झाली. सर्दी बरी झाली, पण वास परत आला नाही. हे तिला कळलं ते लसूण करपला त्या दिवशी.

"काय जाळतेयस, बाई? माझं दुकान?" बेनितो बाहेरून म्हणाला.

ती कढईसमोरच होती. तिला कसलाच वास आला नव्हता.

तिनं ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. हात सवयीनं चालत राहिले. पण एखादी बशी अर्धी परत आली की ती उरलेले तुकडे उलटसुलट करून बघायची. खारट झालं? की गिऱ्हाइकाला भूकच नव्हती? विचारायची सोय नव्हती.

सोमवारी बार बंद असे. अशाच एका सोमवारी दुपारी तिनं धाकट्या बहिणीला, फुएनसांताला, बाहेर खायला बोलावलं. फुएनसांता बाजारात मासे विकायची.

"तू दुसऱ्याच्या बारमध्ये खाणार? बरं वाटतंय ना तुला?"

"चल गं. नेहमी मीच का रांधायचं?"

खरं कारण वेगळंच होतं. आपल्याच हातच्या चवीला आपण विटलो असू, परक्याच्या बशीत काहीतरी लागेल, अशी तिला आशा होती. पहिल्या बारमध्ये जवळ्याची धिरडी आली. दाताखाली नुसती कुरकुर झाली. दुसरीकडे बकरीच्या दुधाचं जुनं चीज घेतलं, ते मेणासारखं लागलं. तिसऱ्या बारमध्ये तळलेल्या हिरव्या मिरच्यांतली एक तिखट निघाली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. क्षणभर तिला हायसं वाटलं. मग कळलं, ही तर नुसती आग आहे, चव नाही.

"इतकी घाई कसली? बस जरा," फुएनसांता म्हणाली. पण कासिल्दा पुढच्या दारात शिरलीसुद्धा.

तिथं व्हिनेगरमधले शिंपले आले. फुएनसांतानं एक तोंडात टाकला आणि लगेच कागदात थुंकला.

"कासिल्दा, थुंक."

"का?"

"का म्हणजे? सडलेत हे. तू दोन खाल्लेस." ती बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुला वास येत नाही?"

कासिल्दानं 'नाही' अशी मान हलवली. मग तिनं सगळं सांगितलं. फुएनसांतानं तिला जवळबिवळ घेतलं नाही.

"मग तुझ्या स्वयंपाकघरातला मासा कोण हुंगतं?"

कासिल्दा ताडकन उठली. दोघी जवळजवळ पळतच बेनितोच्या बारकडे गेल्या. किल्ली कासिल्दाकडे असे. फ्रीजमधल्या मुशीच्या डब्याचं झाकण फुएनसांतानं उचललं आणि तोंड फिरवलं.

"फेकून दे."

"काल यातलीच वाढली गं मी. म्हाताऱ्या आन्सेल्मोनं तर दोनदा मागून घेतली."

बेनितोला बोलावलं, तो घरातल्या सपातांवरच आला. त्यानं डबा हुंगला, सगळं ऐकून घेतलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मला काढून टाकलं असतंस."

"टाकलंच असतं," बेनितो खुर्चीवर बसत म्हणाला. "आता काय करायचं ते मला सुचू दे."

आन्सेल्मोचं दार वाजवलं तर आत कुणी नव्हतं. शेजारणीलाही ठाऊक नव्हतं. बारमध्ये रोज येणारा तो दुसऱ्या दिवशीही आला नाही. कासिल्दा भांडी घासताना सारखी दाराकडे बघायची, कुणी खोकलं तरी दचकायची. बुधवारी दुपारी तो हातात पेपर घेऊन आत आला. लेकीकडे गेला होता म्हणे, हेरेसला.

"रविवारी मुशी जरा उग्र होती, पण मी संपवली," तो म्हणाला. कासिल्दा आत जाऊन भिंतीला टेकून रडली.

बेनितोनं तिला काढलं नाही. अट घातली: रोज सकाळी फुएनसांतानं येऊन मासा हुंगायचा, मीठ चाखायचं, तिनं हो म्हटल्याशिवाय कढई चढणार नाही. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणारही नाही.

फुएनसांता चमचा तोंडात घालते तेव्हा कासिल्दा तिच्या कपाळावरच्या आठ्या बघत उभी असते.

"ठीक आहे," फुएनसांता म्हणते.

"परत एकदा बघ ना," कासिल्दा म्हणते.