क्षेम नसताना लिहिलेली पत्रे

लेखनाचा मला सराव नाही. आयुष्य पुलांचे आराखडे काढण्यात गेले. साठीच्या उंबरठ्यावर हे धाडस करतो आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

"एंडोकार्डायटिस," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे हृदयाच्या झडपेला झालेला जंतुसंसर्ग. तीन आठवड्यांचा बारीक ताप मी इथल्या, न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या थंडीवर ढकलला होता. रक्तात जंतू सापडले. मग घशातून नळी घालून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, तेव्हा झडपेला काहीतरी चिकटलेले दिसले.

"सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. बरे व्हाल, पण डिस्चार्जची घाई करू नका."

पत्नी वैदेही रोटोटुना उपनगरातल्या आमच्या घरून रोज येई. पुण्यातल्या आईला मात्र काहीही कळवायचे नाही, असे मी ठरवले. आईला ऐकू येत नाही. म्हणून मी दर रविवारी ई-मेलने पत्र लिहितो आणि ताई ते मोठ्या अक्षरांत छापून तिला देते. रुग्णालयातून मी तीन रविवार लिहिले, "इकडे सर्व क्षेम आहे." आईच्या उत्तरांत मात्र एकच प्रश्न असे : "वैदेही कशी आहे?"

शेजारच्या खाटेवर बंदुला होते, श्रीलंकेचे माजी सैनिक. युद्धात जखमी झालेल्या पायात पुन्हा पू झाला होता. युद्ध संपल्यावर सैन्यातून सुटका होईपर्यंत ते सात महिने लष्करी रुग्णालयात पडून होते. तेव्हा बायकोला लिहिलेली पत्रे मुलीने त्यांना वाचायला आणून दिली होती. ते ती मोठ्याने वाचत. प्रत्येकाच्या आरंभी 'मम' ऐकू येई.

न राहवून मी इंग्रजीत विचारले, "हे मामा कोण? फार जीव दिसतो तुमचा."

ते खोकला येईपर्यंत हसले. "मल्ली, धाकट्या भावा, सिंहलीत मम म्हणजे मी! मम होंदिन इन्नवा. मी बरा आहे."

"मग बायको निश्चिंत राहिली असेल."

"कसली! त्याआधी मी डाळीला, डासांना, सार्जंटला शिव्या लिहायचो. पत्रांत एकदम 'बरा' झालो, तेव्हा तिने ओळखले, काहीतरी गेले आहे. तिला वाटले, दोन्ही पाय गेले. सात महिने ती बिनपायाच्या नवऱ्यासाठी रडली. आणि मी चालत घरी!"

त्या दुपारी मी माझी तीन पत्रे पुन्हा वाचली. एकही कुरकूर नव्हती. रविवारची वाट न पाहता मी आईला सगळे लिहिले : झडप, जंतू, दंडातली औषधाची नळी, आणि भाजीतले न शिजलेले गाजरसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ताईने टंकलेले उत्तर आले. "गाढवा, इतके गुळगुळीत पत्र तू जन्मात लिहिले नव्हतेस. वैदेही तुला सोडून गेली, असे धरून मी तीन आठवडे जेवले नाही. झडपच ना? ती औषधाने बरी होते. वैदेहीला माझा आशीर्वाद सांग."

मी हसलो आणि मग बराच वेळ डोळे पुसत राहिलो. वैदेहीने उत्तर दोनदा वाचले.

सहाव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाल्या, "झडप शाबूत आहे. शस्त्रक्रिया नको." नर्सने दंडातली नळी काढली. "स्वीट ॲज," ती म्हणाली, म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास'. बंदुला यांचा डिस्चार्ज अजून लांब होता. त्यांनी उशीवरूनच मला कडक सलाम ठोकला.

हे सारे वाचणाऱ्या आजारी माणसाला एवढेच विचारावेसे वाटते : घरी खरे सांगायचे अजून कोणाला राहिले आहे?